ट्रेगिअरांची डागणी

जिल्ह्याला पंचाहत्तर वर्षं होणार होती, म्हणून प्रत्येक जुन्या घराण्यानं आपला इतिहास एका पानात लिहून द्यावा असं ठरलं. एकाच पानात, कारण जास्त जागा दिली की माणसं खरं लिहायला लागतात. पानं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी बोझमनला चार वर्षं कॉलेजात काढून परत इथंच गाई राखायला आलो. शिक्षण वाया गेलेला माणूस म्हणून असली कामं माझ्या वाट्याला येतात.

वेस्ली ट्रेगिअरचं पान सगळ्यांत आधी आलं. त्यात त्याच्या आजोबांविषयी एकतीस ओळी होत्या आणि आजीविषयी एक. एनॉक ट्रेगिअर यांनी एकोणीसशे अकरा साली एकट्याच्या बळावर ओसाड माळावर रँच उभी केली, हिवाळ्यांना तोंड दिलं, लांडगे मारले. "त्यांच्या पत्नी केझाया या उत्तम पाव करीत."

आता, आमच्या माळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की एनॉक घोड्याला भ्यायचा. ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत अर्धा मैल खाली उतरलेला हा माणूस खोगिरावर चार फूट वर चढायला थरथरे. गाईंमागे घोडा घालायची ती केझाया. वासरांवर फास टाकायची तीही केझायाच. एनॉक खाली जमिनीवर उभा राहून तापलेली सळई वासराच्या बरगडीला लावायचा, आणि तेही डोळे मिटून, म्हणून ट्रेगिअरांच्या जुन्या गाईंवरचा डाग कधी सरळ दिसायचा नाही. आणि केझायाचा पाव, ज्यांनी खाल्ला ते सांगत, कुंपणाच्या खांबाखाली पाचर म्हणून चांगला होता.

जमिनीची गोष्ट अशी. सरकार तेव्हा माणशी तीनशेवीस एकर फुकट देत होतं. बाईलाही देई, पण अविवाहित असेल तर. नवराबायकोला मिळून एकच तुकडा. मग शहाणी जोडपी काय करत, तर लग्न पुढं ढकलत, लागून-लागून दोन तुकडे मागत आणि मधल्या हद्दीवर एकच खोपट बांधत. ट्रेगिअरांनी तेच केलं. खाट बरोबर हद्दीवर आडवी टाकली. एनॉक पश्चिमेच्या अंगाला निजे, केझाया पूर्वेच्या. सरकारी पाहणीदार आला की दोघं आपापल्या जमिनीवर उभी राहून त्याला चहा देत. एकोणीसशे सोळा साली दोन्ही सनदा हातात पडल्या आणि मग त्यांनी हॅरो गावच्या मेथडिस्ट चर्चमध्ये लग्न केलं. त्यांचा मुलगा हॅरल्ड त्या लग्नात स्वतःच्या पायांनी चालत आला होता. घरच्या बायबलात मात्र त्याचा जन्म सतरा सालचा लिहिला गेला, त्यामुळे पहिलीच्या वर्गात हॅरल्ड मास्तरणीच्या खांद्याला लागे.

हा हॅरल्ड एकोणऐंशी साली वारला. त्यानं मृत्युपत्रात जमीन त्याच जुन्या हद्दीवर तोडली. पश्चिमेची बाजू वेस्लीला, पूर्वेची लोइसला. झरा पूर्वेला होता. घराचं काय, याबद्दल त्यानं एक शब्द लिहिला नव्हता, आणि घर तर तेच खोपट दोन्हीकडे वाढत गेलेलं. झोपायच्या खोल्या वेस्लीच्या जमिनीत आल्या, स्वयंपाकघर लोइसच्या.

"मी नऊ वर्षं नणंदेच्या जमिनीवर भाकऱ्या थापतेय," वेस्लीची बायको व्हर्ना म्हणायची. "आणि नवऱ्याच्या जमिनीवर भांडी आणून आपटतेय."

लोइस घरात राहात नव्हती. तिनं झऱ्याजवळ चाकांवरचं एक लांबुळकं पत्र्याचं घर आणून ठेवलं होतं. ती लोकांचे घोडे शिकवून देई. तिच्या स्वतःच्या गाई नव्हत्या. झऱ्याचं पाणी बापाच्या वेळेपासूनच्या नळानं वेस्लीच्या हौदात जायचं. कोणी कोणाला विचारलं नव्हतं, कोणी नाही म्हटलं नव्हतं. भांडण पाण्यावरून नव्हतंच. भांडण दोरावरून होतं.

आमच्याकडे वसंतात वासरांना डाग द्यायचा दिवस असतो. सगळे शेजारी येतात, मजुरी कोणी घेत नाही, उद्या तुमच्याकडे आम्ही आणि परवा आमच्याकडे तुम्ही. वाडग्यात दोनशे वासरं कोंडलेली असतात. घोड्यावरचा गडी मागच्या पायांत फास टाकून वासरू ओढत आणतो, खालचे दोघं ते आडवं पाडतात, कोणी लस टोचतो, कोणी खच्ची करतो, मालक सळई लावतो. घोड्यावर कोण बसणार हे मालक सकाळी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगतो. "दोर घे," एवढंच. आपणहून कोणी घोडा वाडग्यात घालत नाही. घातला तर त्याच्या नातवंडांनाही ते ऐकवलं जातं. मालक स्वतः कधी फास टाकत नाही. तो मान दुसऱ्याला द्यायचा असतो. ज्याला "दोर घे" म्हटलं तो वर्षभर ताठ चालतो. ज्याला कधीच म्हटलं नाही, त्याला लोक चांगलं जेवायला घालतात.

लोइसला नऊ वर्षांत एकदाही म्हटलं गेलं नव्हतं. आणि तिच्यासारखा फास आमच्या तीन जिल्ह्यांत कोणाचा नव्हता. ती सतरा वर्षांची असताना बापानं वेस्लीला डावलून तिला दोर दिला होता. वेस्ली तेव्हा वीसचा. ती छत्तीस वासरं एका पाठोपाठ एक, एकही न चुकता, ओढून आणत होती आणि वेस्ली ती खाली पाडत होता. नंतर ती एका विमेवाल्याबरोबर ओरेगनला पळून गेली, अठरा वर्षांनी विमेवाल्याशिवाय परत आली. वेस्लीनं तिला माफ केलं असतं. पळून गेल्याबद्दल. छत्तीसबद्दल नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यातल्या डागणीला त्यानं तिच्या हातात काळपुळीच्या लसीची पिचकारी दिली. ती कोणाच्या हातात देतात, तर पाठ मोडलेल्या म्हाताऱ्यांच्या आणि शहरातून आलेल्या जावयांच्या. ती पन्नास वर्षांची, खोगीर चढवून घोडा कुंपणाला बांधून आलेली. तिनं पंच्याण्णव वासरं टोचली. शेवटच्याला टोचताना पिचकारी तिच्याच अंगठ्यात घुसली. अंगठा सुजून टोमॅटोएवढा झाला.

"लोइस, निदान यंदा तुला काळपुळी व्हायची नाही," वेस्ली म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

त्या वर्षी मेनंतर पाऊस पडलाच नाही. जूनमध्ये गवत पिवळं न होता थेट राखाडी झालं. लसूणघास वीतभर वाढून थांबला आणि तेवढाही नाकतोड्यांनी खाल्ला. मग ते कुंपणाच्या खांबांकडे वळले, फावड्याच्या दांड्याकडे, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे. वेस्लीच्या बाजूचा ओढा आटला. मेलेल्या माशांच्या वासाचा चिखल राहिला, मग तोही भेगाळला. पश्चिमेकडे जंगलं जळत होती, त्यांचा धूर आमच्यापर्यंत येऊन सूर्य दुपारी तांब्याच्या परातीसारखा दिसे. झरा तेवढा चालू होता, मनगटाएवढ्या धारेचा करंगळीएवढा होऊन.

जुलैच्या दोन तारखेला लोइसनं नळाचा व्हॉल्व्ह बंद केला.

मी पानाचं काही विचारायला तिथं गेलो होतो. व्हॉल्व्ह हद्दीच्या तारेपासून दहा पावलांवर, तिच्या बाजूला. ती त्यावर उलटी बादली ठेवून तिच्यावर बसली होती. तारेपलीकडे वेस्ली. त्याच्या मागं गाई उभ्या, रिकामा हौद चाटत.

"उघड तो," वेस्ली म्हणाला.

"उशिराच्या वासरांना डाग कधी देतोस?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"चाळीस आहेत म्हणे."

"बेचाळीस. उघड, लोइस. जनावरं आहेत ती."

"माझी नाहीत. त्यांची तहानही माझी नाही." तिनं अंगठ्याकडं बघितलं. नख काळं पडून सुटायला आलं होतं. "चारचौघांत म्हण. दोनच शब्द आहेत. त्या मिनिटाला उघडते आणि तुझ्या मरेपर्यंत बंद करत नाही. लिहून देते. हा आहे ना, हा लिहील. कॉलेजात गेलाय."

वेस्ली माझ्याकडे बघायला लागला, जणू हे सगळं मीच बोझमनहून शिकून आलो होतो.

"मी पाण्यासाठी बाईमाणसाला विनवणी करणार नाही," तो म्हणाला.

"विनवणी कर कुठं म्हणतेय? मालकासारखं सांग. हुकूम दे मला, वेस्ली. नऊ वर्षं वाट बघतेय हुकमाची."

तो गेला. जादा पाणी लोइसच्या बाजूच्या ओघळीत वाहात राहिलं आणि मातीत जिरत राहिलं. गाई ते तारेपलीकडून बघत. गाय बघते तेव्हा काही म्हणत नाही, पण त्या तीन दिवस रात्रंदिवस हंबरत होत्या आणि माझ्या घरापर्यंत, दोन मैल, ऐकू येत होतं. शेजाऱ्यांनी लोइसशी बोलणं टाकलं. पोस्टात तिला कोणी "काय म्हणतेस" म्हणेना. वाण्याच्या दुकानात म्हातारी हॅटी ब्लूम तिला म्हणाली, "तुझी आजी असती तर तुझ्या थोबाडीत मारली असती."

"माझ्या आजीला तुमच्या सासऱ्यानं दर वर्षी दोर दिला, हॅटी," लोइस म्हणाली. "मग तिच्यावर अशी वेळ कशाला येईल?"

तिचे डोळे मात्र खोल गेले होते. घोडे शिकवताना ती त्यांच्यावर ओरडायला लागली होती, जे ती कधी करत नसे.

वेस्लीनं जुन्या ट्रकवर टाकी चढवली. उन्हाळ्यात एक गाय दिवसाला पाच-सहा बादल्या पिते. गाई एकशे चाळीस, वर वासरं. हॅरोचा नळ बावीस मैलांवर. दिवसाला तीन खेपा. पहाटे चारला निघायचा, टाकी भरेपर्यंत ट्रकच्या सावलीत झोपायचा, यायचा, हौदात सोडायचा. बळकट गाई पुढं घुसायच्या, कमजोर मागं राहायच्या, हौद संपला की मागच्या नुसता ओला पत्रा चाटायच्या. तो काठी घेऊन पुढच्यांना मागं हटवायचा. एकीनं त्याच्या पावलावर पाय दिला. दोन बोटं निळी झाली, बूट कापून काढावा लागला. मग तो एका पायात बूट आणि एका पायात घरातली चप्पल घालून पाणी वाहायला लागला. त्रेपन्नाव्या वर्षी. माणूस हट्टासाठी जेवढं राबतो त्याच्या निम्मं पोटासाठी राबला, तर आमच्या माळावर कोणी गरीब राहिलं नसतं.

व्हर्ना त्याच्या पायाला कोमट पाणी आणि मीठ लावत होती तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात होतो.

"दोन शब्द आहेत," ती म्हणाली. "तू मला लग्नाचं विचारलंस तेव्हा याच्यापेक्षा जास्त होते."

"तेव्हा समोर माणसं नव्हती."

"माझा बाप होता."

"तो बहिरा होता."

बाविसाव्या दिवशी ट्रकचं इंजिन बसलं. ते दुरुस्त होईपर्यंत मी आणि शेजारच्या ब्लूमांनी आमच्या गाड्यांनी पाणी दिलं. त्या रिकाम्या दुपारी वेस्ली आजोबांची पेटी उपसत बसला, आणि तळाशी त्याला एक कागद मिळाला. दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, चर्चचा कोट घालून, एका बुटावर मला बरोबर घेऊन हॅरोच्या वकिलाकडे गेला. साक्षीदार म्हणून. रस्ताभर तो हसत होता. मी त्याला त्या उन्हाळ्यात प्रथमच हसताना बघत होतो.

कागद ब्यूटच्या चर्चमधल्या लग्नाचा होता. एनॉक आणि केझाया. जून एकोणीसशे अकरा. म्हणजे जमीन मागायच्या चार महिने आधी. म्हणजे केझायानं सरकारी अर्जावर शपथेवर "अविवाहित" लिहिलं ते धादांत खोटं होतं.

"म्हणजे तिची सनद खोटी," वेस्ली म्हणाला. "म्हणजे झरा तिचा नव्हताच. म्हणजे लोइसचाही नाही."

वकील एक सावकाश बोलणारा माणूस होता. त्यानं कागद उलटा करून बघितला. "बरोबर आहे. पण मग तो तुझाही नाही, वेस्ली. तो सरकारचा."

वकिलानं ट्रेगिअरांच्या फायलीतून केझायाच्या अर्जाची नक्कल काढली.

"आणि ती अविवाहित असल्याची साक्ष कोणी दिली होती, बघ ना. शेजारच्या तुकड्याच्या मालकानं. एनॉक ट्रेगिअर. शपथेवर." वकिलानं नक्कल त्याच्याकडं सरकवली. "आता सत्तर वर्षांनी कोणी विचारणार नाही. पण तू विचारायला लावलंस तर तुझ्याही तीनशेवीस एकराला वास येईल."

"मग पाण्याचा दावा लावू."

"लाव की. पाण्याचे दावे वीस वर्षं चालतात. गाईंना तोवर धीर धरायला सांग."

परतताना वेस्ली एकदाच बोलला. "निदान बाप औरस होता," तो म्हणाला.

घरी व्हर्नानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आजी लबाड, आजोबा लबाड," ती म्हणाली, "आणि पाणी अजून लोइसकडेच."

उशिराच्या वासरांची डागणी जुलैच्या शेवटच्या शनिवारी होती. सगळे आले. इतके सगळे पूर्वी कधी आले नव्हते. डागणीला येत नाहीत असलेही आले, सोबत केक आणि खुर्च्या घेऊन. सकाळी आठलाच अंगाची लाही होत होती. धूर इतका की कोरडा खोकला सगळ्यांनाच. वाडग्यात बेचाळीस वासरं, बाहेर त्यांच्या आया, जिभा काढून. लोइस आली. करड्या घोड्यावर खोगीर, त्याला गुंडाळलेला दोर. घोड्यावरून उतरून ती कुंपणाशी उभी राहिली, जिथं ती नऊ वर्षं उभी राहात आली होती.

व्हर्ना घरातून कॉफीचं मोठं भांडं घेऊन आली, ते तिनं पाटावर ठेवलं आणि परत गेलीच नाही. हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसत उभी राहिली.

वेस्ली सळया विस्तवात ठेवून उठला. एक पाय चपलेत. त्यानं टोपी मागं सारली. खुर्च्या पुढं सरकल्या. त्यानं लोइसकडं बघितलं. खरंच बघितलं, मी त्याच्या शेजारी होतो. त्यानं तोंड उघडलं. दोन शब्द तोंडाच्या अगदी दारात आले होते हे मी शपथेवर सांगेन, आणि माझी शपथ एनॉकच्या शपथेपेक्षा बरी आहे.

"दोर घे," तो म्हणाला, आणि त्याची मान वळली, "...पाद्रीबाबा."

पाद्री ऑर्विल केम्प ओहायोहून येऊन पाच आठवडे झाले होते. तो पेरूच्या रंगाचा शर्ट घालून खुर्चीत बसला होता, मांडीवर केक.

"मी?" तो म्हणाला.

"मान आहे तो," ब्लूम म्हणाला. "नाही म्हणता येत नाही."

"पण मी घोड्यावर..."

"देव बघून घेईल."

कोणीतरी त्याला घोड्यावर चढवलं. कोणीतरी दोर हातात दिला. पहिला फास घोड्याच्याच कानांत पडला. दुसरा कुंपणाच्या खांबावर, आणि तो मात्र इतका घट्ट की सोडवायला चाकू लागला. वासरं वाडग्यात गोल गोल पळत होती, उन्हात, धुरात, तोंडाला फेस. अकरा वेळा तो चुकला. बाराव्या वेळी एका वासराच्या मानेत फास बसला आणि ते गुदमरून गुडघ्यावर आलं, डोळे पांढरे. कोणी हसेना. पाद्री रडकुंडीला आला होता. सळया विस्तवात लालच्या पांढऱ्या झाल्या.

"मी उतरू का?" पाद्री म्हणाला. "वेस्ली, मी उतरू का?"

वेस्ली सळयांकडं बघत होता.

लोइसनं घोड्याचा पट्टा सैल केला. घाईनं नाही. खोगीर काढलं, कुंपणावर ठेवलं, घोड्याची ओली पाठ मूठभर गवतानं पुसली. मग खोगीर खांद्यावर टाकून घोडा हातानं चालवत ती आपल्या बाजूला निघून गेली. आम्ही त्या दिवशी बेचाळीस वासरं हातानं धरली, माणसं त्यांच्या अंगावर पडून. दोघांच्या बरगड्या दुखावल्या, एकाचा दात गेला. जेवण चांगलं होतं. कोणी कोणाकडं बघत नव्हतं.

व्हर्ना त्या संध्याकाळी मला म्हणाली, "तो म्हणणार होता. तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग मी कोणाचा जीव घेऊ? त्याचा, की जे खुर्च्या घेऊन बघायला आले त्यांचा?"

मी माझी खुर्ची मोटारीत ठेवली आणि घरी गेलो.

ऑगस्टच्या दहा तारखेला वेस्लीनं गाई विकल्या. सगळ्या. तीन पिढ्यांची पैदास, एनॉकच्या वाकड्या डागापासूनची. त्या उन्हाळ्यात सगळेच विकत होते, त्यामुळे भावाचं बोलण्यात अर्थ नाही. सकाळी तीन लांब ट्रक आले. आम्ही चौघं घोड्यांवर होतो. गाईंना ट्रकच्या चढणीकडं हाकायचं होतं, पण वारा पूर्वेकडून होता आणि वाऱ्यावर पाण्याचा वास. त्या वळून वळून हद्दीच्या तारेकडं जायच्या. दोन तास लागले. धुळीत एकमेकांची तोंडं दिसेनात. गाई चढत होत्या, फळीवर खूर घसरत होते, आतून वासरांचा आवाज.

शेवटच्या ट्रकला दार लागायच्या आत एक गाय मागं फिरली. लाल, पांढऱ्या तोंडाची, जुनी, पोटात उशिराचं वासरू असलेली. ती वेस्लीच्या घोड्याच्या पोटाखालूनच निघाल्यासारखी गेली, तार तोडली आणि लोइसच्या बाजूला ओघळीत उतरली. तिथं ती गुडघाभर चिखलात उभी राहून पाणी प्यायला लागली. तिच्यापासून वीस पावलांवर लोइस करड्या घोड्यावर बसली होती. ती सकाळपासून तिथंच होती. दोर तिच्या मांडीवर सुटा होता.

आमचे घोडे दमून उभे होते. वेस्लीचा तर लंगडत होता. ओघळ अरुंद, काठ उंच. तिथं त्या गाईला धरू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते वीस पावलांवर होतं.

वेस्लीनं घोडा तारेपर्यंत नेला. तो तिच्याकडं बघत होता, ती त्याच्याकडं. आता तर माणसंही नव्हती. आम्ही चौघं आणि तीन ड्रायव्हर. गाय पीत होती. तिच्या घशातून पाणी खाली उतरताना दिसत होतं.

लोइसचा हात दोरावर गेला. तिनं फास मोठा केला. ती वाट बघत होती, हे तिच्या घोड्यालाही कळलं. त्याचे कान वेस्लीकडं झाले.

"मालक, उन्हं चढताहेत," ड्रायव्हर ओरडला. "एकशे चाळीस लिहिलेत. किती झाले?"

वेस्ली घोड्यावर वळला.

"एक कमी लिही," तो म्हणाला.

ट्रक गेले. धूळ बसायला वेळ लागला. ती बसली तेव्हा लोइसनं दोर गुंडाळून ठेवला होता.

वेस्ली आणि व्हर्ना अजून तिथंच आहेत. गाई नाहीत, त्यामुळे डागणी नाही, त्यामुळे कोणी कोणाला काही म्हणायचा प्रश्न नाही. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं पान आहे तसं छापलं. वेस्ली त्यातला एकही शब्द बदलू देईना. लोइसनं व्हॉल्व्ह उघडला, ट्रक गेले त्याच दुपारी. वेस्लीचा हौद काठोकाठ भरलेला असतो. त्यातून चिमण्या पितात.

ती लाल गाय लोइसकडंच राहिली. तिच्या अंगावर वेस्लीचा डाग आहे, म्हणून लोइस तिला आपली म्हणत नाही. वेस्ली तिला न्यायला येत नाही. सप्टेंबरात ती व्याली. कायद्यानं वासरू आईच्या मालकाचं, म्हणून लोइस त्याला डाग देऊ शकत नाही. आणि डाग द्यायचा तर आधी वासराला कोणीतरी फास टाकायला हवा. ते आता दीड वर्षांचं आहे, धिप्पाड, खच्ची न केलेलं, कोणाला जवळ येऊ देत नाही. हद्दीच्या तारेशी उभं राहून आल्यागेल्यावर शिंगं रोखतं. त्याच्या बरगडीवर अजून काहीही नाही.